पैलवानाची काच

"काकू, ही पेटी बहिरी आहे," सुगंधा म्हणाली.

तिने बोट दुमडून टँकवर पुन्हा दोनदा टकटक केली, कान लावून ऐकलं आणि मान हलवून निकाल कायम केला. मग दोन पावलं डावीकडे सरकून शेजारच्या टँकवर तशीच टकटक केली. या वेळी तिचा चेहरा खुलला.

"हिला ऐकू येतं बघा."

फिशटँक बनवण्याच्या धंद्यात मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. टँक गळका असतो, वाकडा असतो, गढूळ असतो, हे मला माहीत होतं. बहिरा असतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, आमच्या मिरजेतल्या अंध मुलींच्या निवासी शाळेतली. जेवणाच्या हॉलमध्ये, भिंतीलगतच्या लांब टेबलावर मी दोन टँक आणून ठेवले होते. आकार एकच, अडीच फुटी. एक आमच्या दुकानातला काचेचा. दुसरा ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून नमुना म्हणून मागवलेला. दोन्हींत अजून पाणी भरायचं होतं.

झालं होतं असं. पाचवीच्या विज्ञानाच्या तासाला मुख्याध्यापिका कुंदाताई मगदूम माशांबद्दल शिकवत होत्या. कल्ले, पर, खवले. तेवढ्यात सुगंधा अथणे ही अकरा वर्षांची मुलगी उभी राहिली. "बाई, मासा मला माहीत आहे. मामाच्या गावाला नदीचा मासा मी हातात धरलाय. पण तो मेलेला होता. जिवंत मासा दिवसभर करतो काय?"

कुंदाताईंनी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दुकानात आल्या.

दुकान आम्हा दोघांचं. माझे यजमान भूपाल नांद्रे काच कापायचे आणि मी ती सिलिकॉन लावून जोडायची. आम्ही काचेशिवाय दुसरं काही बनवत नव्हतो. तरीसुद्धा कुंदाताईंचं सगळं ऐकून घेतल्यावर मी म्हणाले, "बाई, तुम्ही ॲक्रिलिकचा घ्या. तो फुटत नाही, हलका असतो, हाताला कुठे धार लागत नाही."

यजमान हातातली काच कापायची हिरकणी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले.

माझंही कारण होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, नीट न वाळलेल्या टँकमध्ये मी घाईने पाणी भरलं होतं. समोरची काच सुटली आणि माझ्या हातावरच फुटली. मनगटापासून कोपरापर्यंत सात टाके. त्या दिवसापासून काचेचं काम मी करत होते, पण काचेवर विश्वास म्हणून नव्हता. आणि आता ज्या मुलींना दिसत नाही, त्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये मी काच नेऊन ठेवायची? ते मला जमण्यासारखं नव्हतं. आलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दुसरीकडे पाठवणारी बाई म्हणून मी दोन दिवस स्वतःवरच खूश होते, हेही सांगून टाकते.

पण कुंदाताई म्हणाल्या, "मुलींना विचारल्याशिवाय मी काहीच घेत नाही. दोन्ही आणा."

म्हणून दोन्ही आणले होते. आणि त्या दिवशी हॉलमध्ये संस्थेचे विश्वस्त चौगुले अण्णाही आले होते. साठीचे, अंगाने भरलेले, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. शाळेसाठी कधीही धावून येणारे. फक्त त्यांना धावताना आजूबाजूचं काही दिसत नसे.

"बहिरी तर बहिरी," अण्णा सुगंधाला म्हणाले. "बाळ, पेटीला ऐकू येऊन काय करायचंय? काच म्हणजे धोका. नांद्रेवहिनी, तुम्ही तर काचवाल्या. तुम्हीच सांगा."

"मीही ॲक्रिलिकच म्हणतेय, अण्णा."

"ऐका! खुद्द काचवाली सांगतेय."

सुगंधा माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. "का हो काकू?"

"अगं, काच फुटते. लागली म्हणजे? तुम्ही मुली इकडून तिकडे धावता, कुणी धडकलं, कुणी पडलं..."

मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि मनगटं हलवली. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. हातात सहा-सहा तरी असतील.

"ही काचच आहे की, काकू. झोपतानाही घालतो आम्ही."

तिच्या मागे उभ्या असलेल्या दहा-बारा मुलींनीही आपापले हात हलवले. हॉलभर किणकिण झाली. कुंदाताईंनी तोंडाला पदर लावला. अण्णा म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी कुंदाताईंनीच तोड काढली. दोन्ही टँक पंधरा दिवस इथेच राहतील, दोन्हींत एकेक मासा सोडायचा, आणि पंधरा दिवसांनी मुली काय म्हणतात ते बघायचं. तोवर मी रोज संध्याकाळी येऊन पाणी आणि मासे बघून जायचं.

मासे निवडताना मी पहिल्यांदा जरा डोकं चालवलं. रंगीबेरंगी मासे या मुलींच्या काय कामाचे? म्हणून तळहाताएवढे दोन ऑस्कर आणले. हा मासा दिसायला काळपट, तोंडाने रागीट, पण माणूस ओळखतो. रोज खायला घालणारा हात आला की वर येतो आणि बोटातली खाद्याची गोळी 'चप्' करून ओढून घेतो. शिवाय त्याला एक खोड असते. तळातले गोटे तोंडात धरायचे आणि मनाला येईल तिथे नेऊन टाकायचे.

काचेच्या टँकमधल्या माशाचं नाव मुलींनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं, पैलवान. त्याला रोज गोळी भरवायचं काम सुगंधाने स्वतःकडे घेतलं. त्याने गोटा उचलून काचेवर टाकला की 'टक्' असा खणखणीत आवाज यायचा. मुली ओरडायच्या, "पैलवानाने शड्डू ठोकला!" ॲक्रिलिकमधली मासोळीही तेच करायची, पण तिचा आवाज उशीत बुक्की मारल्यासारखा यायचा. तिचं नाव पडलं अबोली.

चार दिवसांत हॉलचं रूपच बदललं. जेवण झालं की मुली टेबलापाशी रांग लावायच्या. प्रत्येकीला मोजून शंभर आकडे म्हणेपर्यंत वेळ. गाल काचेला लावायचा आणि ऐकायचं. सगळ्यांत धाकटी यास्मिन सहा वर्षांची होती. ती शंभरच्या आत मुद्दाम चुकायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

"आता तो डावीकडे आहे," सुगंधा मला सांगायची. "पंपाचा बुडबुड आवाज मधेच अडतो ना, तेव्हा तो पंपापुढून जातो. आता तळाला गेला. आता उचलतोय... उचलतोय... ऐका."

टक्.

मी बघत होते, आणि मासा खरंच तिने सांगितलेल्या ठिकाणी होता. पाचव्या दिवशी मुली संध्याकाळच्या प्रार्थनेला गेल्यावर मी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, आणि डोळे मिटून गाल काचेला लावला. आधी काहीच कळेना. नुसता पंपाचा घरघराट. मग हळूहळू त्या घरघराटातून बुडबुडे वेगळे झाले, वाळू सरकल्याचा आवाज वेगळा झाला. आणि मग अगदी माझ्या कानापाशी, टक्! मी एवढी दचकले की माझं कोपर टेबलाच्या कडेला आपटलं.

"काकू, शंभर झाले," दारातून सुगंधाचा आवाज आला. ती किती वेळ तिथे उभी होती देव जाणे.

ॲक्रिलिकची दुसरी एक गोष्ट मुलींनीच मला दाखवली. आठव्या दिवशी यास्मिन म्हणाली, "अबोलीच्या पेटीला खरूज झालीय." मी वाकून बघितलं, मला काही दिसेना. तिने माझं बोट धरून पेटीवर फिरवलं. बारीक बारीक ओरखडे, शेकड्यांनी. मुलींच्या बांगड्यांचे. मी खिडकी उघडली, उजेड तिरका पडला, तेव्हा कुठे ते मला दिसले. काचेच्या टँकवरही तेवढ्याच बांगड्या घासल्या होत्या. तिथे बोट फिरवलं तर अजून गुळगुळीत.

तरी माझं मत बदललं नव्हतं. आवाज गोड आहे म्हणून धार बोथट होत नाही. रात्री दुकान आवरताना हातावरचा व्रण दिसायचाच.

पंधराव्या दिवशी सकाळी अण्णा आले. स्कूटर फाटकाशी लावून, हेल्मेट कोपरात अडकवून थेट हॉलमध्ये. मुली समोरच्या भिंतीलगत बसल्या होत्या. कुंदाताई टेबलाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या.

"हे बघा," अण्णांनी सुरुवात केली, "मुलींच्या भावना मी समजू शकतो. पण जबाबदारी आपली आहे. एवढ्या मोकळ्या हॉलमध्ये," असं म्हणत त्यांनी हॉलचा मोकळेपणा दाखवायला हात पसरला आणि गर्रकन वळले, "एवढ्या मोकळ्या हॉलमध्ये उद्या एखादी मुलगी चुकून..."

टण्ण!

"...धडकली तर काय घ्या?"

अण्णांचं बोलणं चालूच होतं. त्यांना काही कळलंच नव्हतं. मलाही नीट कळलं नाही, हेल्मेट कशावर तरी लागलं एवढंच. दोन्ही टँक जागच्या जागी होते, काचेच्या टँकमधलं पाणी थोडं डुचमळत होतं.

"बाई," सुगंधा उठून उभी राहिली. "काचेचा आवाज फाटला."

"बस ग, अण्णा बोलताहेत ना," कुंदाताई म्हणाल्या.

"बाई, पाणी गळतंय. आत्ता सुरू झालं."

मी खाली वाकले. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून केसासारखी बारीक रेघ निघाली होती. ती तिरकी वर चढत गेली होती आणि तिच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब फुगत होता. तो पडला, लगेच दुसरा आला. अशी रेघ किती वेळ थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. तासभर थांबेल, नाहीतर पुढच्या श्वासाला सगळी काच खाली.

कुंदाताईंनी दोन टाळ्या वाजवल्या. दोन टाळ्या म्हणजे आहे तिथे खाली बसायचं, हा शाळेचा नियम. उठू लागलेल्या मुली झटकन परत बसल्या. अण्णा तेवढे हेल्मेटसकट उभे राहिले.

मी नळी टँकमध्ये सोडली आणि दुसरं टोक बादलीत घालून पाणी काढायला सुरुवात केली. मग जाळी घेतली. पैलवान एरवी माणसाला भीत नसे, पण धक्क्याने बिथरला होता. जाळी आत गेली की तो सैरावैरा धावायचा आणि नेमका त्या तडकलेल्या काचेवर जाऊन आपटायचा. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा रेघ बोटभर वर सरकलेली मी डोळ्यांनी बघितली.

"काकू, जाळी काढा," माझ्या शेजारून आवाज आला. सुगंधा तिथे येऊन पोचली होती. "तो माझ्या हाताला येतो."

"सुगंधा, मागे हो. काच फुटेल."

"ठाऊक आहे. पण काकू, तुम्ही जाळी घातलीत तर आत्ताच फुटेल."

खरं होतं ते. मी कुंदाताईंकडे बघितलं. त्यांनी नको म्हटलं नाही. मला एकदम जाणवलं की आता मीच ठरवायचंय.

मी जाळी टाकली. टेबलासमोर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळवे त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना काचेवर दाबून धरले. टाके पडलेला हातच रेघेला जास्त जवळ होता. काच माझ्या हाताखाली थंड होती आणि तिच्यातून एक बारीक कुरकुर येत होती, ती मला बोटांना कळत होती.

"घाल हात. वरून, सावकाश."

सुगंधाने बांगड्या कोपराकडे सरकवल्या, एका हातात पाण्याचं मोठं भांडं घेतलं आणि दुसरा हात पाण्यात सोडला. बोटं जुळवून, जशी ती रोज गोळी धरायची तशी. पाण्याचे थेंब तेवढे टपटपत होते.

पैलवान मागच्या कोपऱ्यात होता. त्याने एकदा वळून बघितलं. मग शेपूट हलवत, काही घडलंच नाही अशा थाटात, तिच्या बोटांपाशी आला आणि रिकामी बोटं चाचपू लागला. सुगंधाने खालून भांडं सरकवलं आणि अलगद वर उचललं.

"आला," ती म्हणाली.

मी सांगितलं तशी कुंदाताईंनी आणखी एक नळी सोडली. पाणी अर्ध्याखाली गेलं, काचेवरचा जोर कमी झाला, तेव्हा कुठे मी हात सोडले. काच नव्हती फुटली. रेघ होती तिथेच थांबली होती. पैलवान बादलीत गोल गोल फिरत होता.

अण्णांनी आता घसा साफ केला. "बघितलंत? मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. काच ती काचच. फुटली की नाही?"

मग भिंतीकडून यास्मिनचा बारीक आवाज आला.

"पण फोडली कुणी?"

अण्णांनी कोपरातल्या हेल्मेटकडे बघितलं. पंधरा दिवसांत, दिवसातून तीनदा, अडतीस मुली त्या टेबलाशेजारून जेवायला गेल्या होत्या आणि आल्या होत्या. एकीचाही धक्का लागला नव्हता. ते बहुधा सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं. आधी कुंदाताई हसल्या. मग मुली. आणि मग अण्णाच एवढे हसायला लागले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"वहिनी," डोळे पुसत ते म्हणाले, "आता तुमचं मत सांगा. खरं खरं."

मी पदराला हात पुसत होते. मत विचारल्यावर मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. "काचेचाच घ्या, अण्णा. ही तडकली, पण सांगून तडकली. फक्त ऐकणारं माणूस शेजारी पाहिजे, आणि ते इथे अडतीस आहेत. मी जाड काच घालते, चौपट ताकदीची. कडा घासून गोल करते. तुमच्या हेल्मेटलाही दाद देणार नाही."

"आणि हा दुसरा?"

"तो परत पाठवू."

"कशाला?" अण्णा उठून ॲक्रिलिकच्या टँकपाशी गेले आणि त्याला थोपटत म्हणाले, "हा मी घरी नेतो. माझ्यासारख्याच्या घरात हाच टिकेल."

नवा चार फुटी टँक बनवायला आम्हाला आठ दिवस लागले. यजमानांनी कडा इतक्या घासल्या की लहान मुलाच्या गालावरून फिरवाव्यात. मी जोड भरले. आणि मग माझ्या मनात आलं, मुलींना काहीतरी जास्तीचं द्यावं. एका दुपारी मी कुंदाताईंकडे गेले आणि ब्रेलमध्ये 'पैलवान' कसं लिहितात ते दाखवा म्हणाले. त्यांनी पाटीत जाड कागद अडकवला आणि टोकदार सळईने टोचून दाखवलं. सहा घरांचे ठिपके, कारण ब्रेलमध्ये काना-मात्राही वेगळं घर घेतात. तो कागद मी जपून घरी आणला, समोर ठेवला आणि समोरच्या काचेवर बाहेरून सिलिकॉनचे एकेक थेंब सोडत ते नाव हुबेहूब उतरवलं. सगळे थेंब एका मापाचे, एका ओळीत. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

टँक बसवला, पाणी भरलं, पैलवान आणि अबोली दोघंही त्यात सोडली. दोघांनी एकमेकांना एक फेरी दम देऊन आपापला कोपरा धरला. मी सुगंधाला बोलावलं, तिचं बोट धरून ठिपक्यांवर ठेवलं आणि छाती फुगवून उभी राहिले.

तिचं बोट सरकलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा सुरुवातीपासून सरकलं.

"ड... घ... ण... ळ..." ती मधेच थांबली. "काकू, हे काय लिहिलंय? डघणळ?"

"असं कसं? नीट वाच. पैलवान लिहिलंय."

दुसरी मुलगी आली, तिसरी आली. डघणळ. यास्मिनला तर तो शब्द एवढा आवडला की ती तो गात सुटली. कुंदाताई पुढे आल्या, चष्मा लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, अहो, कागद टोचतात एका बाजूने आणि वाचतात उलटा करून दुसऱ्या बाजूने! तुम्ही टोचलेली बाजू बघून उतरवलंत. सगळं उलटं झालं."

माझा चेहरा पडला. मी लगेच पिशवीतून पातं काढलं. "खरवडते मी. आत्ता खरवडते."

पण सुगंधाने माझा हात धरला. ती टँकला चिकटून उभी होती. एक हात काचेच्या वरून पाण्यात सोडून ती आतल्या बाजूने ठिपक्यांचा माग घेत होती, बाहेरच्या बोटासमोर आतलं बोट धरून, एकेक अक्षर. पैलवान तिच्या मनगटाशी येऊन गोळी शोधत होता. मग ती मोठ्याने हसली.

"राहू द्या काकू. बरोबर आहे. आतून वाचलं तर पैलवानच येतं. तुम्ही त्याच्यासाठी लिहिलंय."